लोखंडावरच्या फुल्या

१ जुलै, सकाळी साडेसहा

बाहेर दोन अंश. जुलै म्हणजे इथला भर हिवाळा. गवतावर पांढरं दव गोठलेलं. उत्तम. अशा थंडीत हौशे, नवशे, गवशे अंथरुणातच असतात.

आजपासून शास्त्रशुद्ध सोनेशोध. नोंदी फक्त माझ्यासाठी. लेलँट फ्लॅट या आमच्या गावात वाचून कळेल असं दुसरं कोणी नाहीच.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. तीस वर्षं इथल्या हायस्कुलात भूगोल शिकवला, त्यातली शेवटची अकरा उपमुख्याध्यापक म्हणून. डिसेंबरात निवृत्त. पणजोबा सॅम्युअल ट्रेम्बाथ कॉर्नवॉलहून इथे खाणीत आले, आणि सोन्याच्या शिरेच्या आठ फूट अलीकडे थांबले. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. ते आठ फूट आता मी बघतो.

ग्लेनिसला समुद्रकाठच्या पोर्टलंडला राहायला जायचंय. तिचे वडील तिथले मच्छीमार. लग्न झाल्यापासून तिचं एकच पालुपद: तू रिटायर झालास की समुद्राजवळ राहायचं. आता झालोय, तर रोज सकाळी टोस्टबरोबर समुद्र.

शेवटी करार केला. ३० सप्टेंबरपर्यंत सोनं निघालं तर इथेच राहायचं आणि समुद्राचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही निघालं तर घर विकून पोर्टलंड. पबमध्ये हात मिळवले. साक्षीदार मर्व्ह हॅडो, निवृत्त ट्रक ड्रायव्हर, अक्षरशत्रू. दुसरं कोणी शुद्धीत नव्हतं.

मला ग्लेनिसची जरा दयाच येते.

३ जुलै

नवीन मेटल डिटेक्टर अप्रतिम. जमिनीखाली काय आहे ते ओळखतो. लोखंड असेल तर आवाज घोगरा. शिसं, तांबं, सोनं असेल तर स्वच्छ, गोड. मग घोगऱ्या आवाजावर खणायचंच कशाला? हा साधा विचार गेल्या दीडशे वर्षांत इथे कोणाच्या डोक्यात आला नाही.

माझी पद्धत: घोगरा आवाज आला की टाचेने तिथे फुली मारायची. म्हणजे परत त्याच जागी वेळ जात नाही. पट्टा आखायचा, फुल्या मारत पुढे जायचं, फक्त गोड आवाज खणायचा.

आज एकतीस फुल्या. खणले दोन खड्डे. एक बंदुकीची गोळी, एक बिअरच्या कॅनची पट्टी. तरी पद्धत सिद्ध झाली. दोन्हींत लोखंड नव्हतं.

८ जुलै

मर्व्ह वाटेत भेटला. मशीन जुनाट, टेपने चिकटवलेलं, डोक्यावर कुठल्यातरी खत कंपनीची टोपी. वाजेल तिथे खणतो. घोड्याचे नाल, खिळे, डबे, काही सोडत नाही. भंगारवाला बरा.

त्याला पद्धत समजावली. वीस मिनिटं मन लावून ऐकलं. मग म्हणतो कसा, सर, ही लाल माती लई थापाडी आहे. सोन्यालासुद्धा लोखंडाचा आवाज काढायला लावते. वाजलं की खणायचं, एवढंच आपल्याला कळतं बघा.

गाढवाला गुळाची चव काय! मी नकाशावर मातीचे सहा प्रकार शिकवलेत. थापाडी हा प्रकार त्यात नव्हता.

१५ जुलै

ग्लेनिस सोबत यायचं म्हणते. घरी बसून कंटाळा येतो, म्हणे. मर्व्हने त्याचं त्याहून जुनं मशीन तिला दिलंय. दुधात साखर.

अटी घातल्या. माझ्या मागे शंभर पावलं. मी न तपासलेल्या जमिनीत पाय नाही. खड्डे बुजवायचे. ती म्हणाली, मग मी खणू तरी कुठे? मी म्हटलं, फुल्या आहेत ना, हव्या तितक्या. तेवढंच जंगल साफ होईल.

कमरेला कॅनव्हासची पिशवी बांधून फुलीमागून फुली खणत आली. अकरा खिळे, एक बिजागरी. तोंडावरचा आनंद बघवत नव्हता. हिच्याशी मी बत्तीस वर्षं संसार केला.

२४ जुलै

पाऊस, चिखल. एकशे चाळीस पावलांचा पट्टा पूर्ण. छप्पन्न फुल्या. गोड आवाज चार: तीन गोळ्या, एक बटण.

बटण पितळी आहे. पणजोबांचं असू शकतं. ग्लेनिस म्हणाली, त्यावर रेल्वेचं नाव आहे, तुझे पणजोबा रेल्वेत होते का? बटण पुसून खिशात टाकलं.

१० ऑगस्ट, दुपारी तीन

वॅटलची झाडं फुललीत, सगळीकडे पिवळंधमक. शिंका सुरू.

पणजोबांनी सोन्यासाठी खणलेल्या विहिरीजवळ काम. जमीन लोखंडाने नुसती भरलेली. एका ठिकाणी मशीन इतकं घोगरं बोंबललं की दोन फुल्या मारल्या, एकीवर एक. पुढे गेलो.

मागून ग्लेनिस किंचाळली. धावत गेलो. ती गुडघ्यांवर बसलेली, मूठ घट्ट, चेहरा लाल. विचारलं तर म्हणाली, मुंगी. ती मोठी, काळी. चांगलीच चावली.

हातमोजे घाल म्हणून किती वेळा सांगितलं! दहा मिनिटं बोललो. ती हो हो म्हणत राहिली. मग मुकाट्याने खड्डा बुजवला आणि पायाने दाबून दाबून सारखा केला. एवढा व्यवस्थित खड्डा तिने कधी बुजवला नव्हता. बोलण्याचा परिणाम होतो.

त्याच दिवशी, जेवताना

ग्लेनिसने एकदम विचारलं, क्लाइव्ह, आज तुझ्या फुलीतून काय निघालं ते दाखवू का? आवाज जरा विचित्र. काट्याने बटाटा नुसता ढकलत होती.

मी म्हटलं, कचऱ्याचं प्रदर्शन जेवणाच्या टेबलावर नको. ज्याला दगड आणि धोंडा यातला फरक कळतो त्याने फुली मारली आहे, विषय संपला.

तिने काटा खाली ठेवला. म्हणाली, बरं. मग उठून पुडिंग आणलं.

१९ ऑगस्ट

कमाल आहे. ग्लेनिस हल्ली माझ्याआधी तयार. थर्मास भरलेला, सँडविच बांधलेली, गाणं गुणगुणते. मला वाटतं तिनेही मनातून ओळखलंय की यश जवळ आलं. समुद्राचं नाव आठवड्यात एकदाही नाही.

एक सूचना मात्र करते: फुल्या जरा ठळक मार ना, मला नीट दिसत नाहीत. मारतो. गुडघा दुखतोय. तरीपण.

२७ ऑगस्ट

शेडमागे मर्व्ह आणि ग्लेनिस. ती पिशवीतून काहीतरी दाखवत होती. मर्व्हने टोपी काढली. त्याला टोपी काढताना मी प्रथमच पाहिलं. टक्कल आहे.

मी गेलो तर पिशवी बंद. मर्व्ह म्हणाला, सर, तुमची पद्धत लई भारी आहे. आम्ही उगाच हसलो. आता मॅडमनी समजावून सांगितली तेव्हा डोक्यात शिरली.

उशिरा का होईना. मी मोठेपणाने म्हटलं, शिकायला वय नसतं. मर्व्हला खोकला आला. फार वेळ गेला नाही तो खोकला.

५ सप्टेंबर

शहरातून सुट्टीवाले आले. चार जीप, खुर्च्या, छत्र्या, नवीकोरी मशीनं. विचारत होते, इथे सोनं कुठे आहे हो, सुपरमार्केटात दूध कुठे ठेवतात तसं. त्यांना दलदलीकडे पाठवलं.

पबमध्ये सगळे ग्लेनिसला विचारतात, काय म्हणतंय काम? मला कोणी विचारत नाही. मोठ्या कामाला सुरुवातीला हेच भोगावं लागतं.

१२ सप्टेंबर

मॅगपाय पक्ष्यांची घरटी. वरून येऊन डोक्यावर टोच मारतात. ग्लेनिसने डोक्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा घातलाय, पक्षी बिचकावेत म्हणून मागे डोळे रंगवलेत. गावातली निम्मी माणसं अशीच हिंडतात. म्हणाली, तुलाही एक देते, व्हॅनिलाचा आहे.

उपमुख्याध्यापक डबा घालत नाहीत.

त्याच दिवशी, दुपारी

तीन टाके. नर्स माझी जुनी विद्यार्थिनी. म्हणाली, सर, डबा घालायचा ना. भूगोलात पस्तीस मार्क होते तिला.

२० सप्टेंबर

आकडेवारी. एकूण आवाज एक हजार एकशे चार. त्यातल्या फुल्या एक हजार एकोणपन्नास. खणले पंचावन्न. शिसं, कॅनच्या पट्ट्या, एक दाताची कवळी. सोनं अजून नाही. पण एक हजार एकोणपन्नास ठिकाणी व्यर्थ खणण्याचे कष्ट वाचले. इतक्या अचूकपणे जमीन या जिल्ह्यात कोणी तपासलेली नाही.

ग्लेनिसची पिशवी आता दोन्ही हातांनी उचलावी लागते. रात्री ती पलंगाखाली ठेवते. खिळ्यांचा इतका लळा! पुन्हा म्हणाली, क्लाइव्ह, एकदा बघून तर घे. मी म्हटलं, मला माझ्या कामाचे दहा दिवस उरलेत, मी खिळे बघत बसू?

म्हणाली, दुसऱ्यांदा विचारलं हं तुला.

बायका काय काय मोजून ठेवतात.

२८ सप्टेंबर

झोप नाही. आज घोगरा आवाज आला आणि क्षणभर वाटलं, खणावं. कुदळ उचलली होती. मग मागे पाहिलं. मर्व्ह आणि ग्लेनिस दोघंही थांबून माझ्याकडे बघत होते. ग्लेनिसने तर श्वास रोखला होता.

यांच्यासमोर मी वाकणार? फुली मारली. नेहमीपेक्षा मोठी.

३० सप्टेंबर, सकाळी सहा

शेवटचा दिवस. पणजोबांच्या विहिरीच्या उत्तरेचा कोपरा राखून ठेवला होता. मन शांत आहे. मोठे शोध शेवटच्या दिवशीच लागतात.

दुपारी सव्वाबारा

सत्तावीस फुल्या. एक गोड आवाज: चॉकलेटची चांदी.

ग्लेनिस झाडाखाली बसली होती. डबा काढून मांडीवर ठेवलेला. म्हणाली, इथे ये, बस. बसलो. पिशवी पुढे केली. म्हणाली, तिसऱ्यांदा आणि शेवटचं विचारते. बघायचंय का तुला यात काय आहे? सूर्य मावळायच्या आत बघितलंस तर चालेल. करार म्हणजे करार, मी मागे हटणार नाही.

तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, मी हरतोय म्हणून वाईट वाटतंय तिला. तिची कीव नको होती. मी म्हटलं, ग्लेनिस, मला लोखंड नको, मला सोनं हवंय. आणि पुढचा पट्टा आखायला उठलो.

संध्याकाळी सात

काही नाही.

पबमध्ये मर्व्हसमोर हार कबूल केली. जमिनीत सोनं नाही हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध केलं, हेही सांगितलं. कोणी हसलं नाही. मर्व्हने माझ्यासाठी बिअर मागवली आणि म्हणाला, सर, समुद्राची हवा चांगली असते. ग्लेनिस बाहेर गाडीजवळ उभी राहून रडली. आनंदाने, असं ती म्हणाली. एवढा आनंद मी तिला बत्तीस वर्षांत कधी दिला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं. लिहून ठेवतो, उद्या पटणार नाही.

२ नोव्हेंबर

घर विकलं. घेणारं जोडपं शहरातलं, हौशी. परसात डिटेक्टर फिरवत होते. त्यांना माझी पद्धत सांगितली. मर्व्ह कुंपणाशीच होता, म्हणाला, ऐका ऐका, आणि कुठे कुठे फुली मारता ते मला कळवत जा.

१४ डिसेंबर, पोर्टलंड

खोकी उघडतोय. इथे सतत वारा. ग्लेनिस पहाटे उठून किनाऱ्यावर जाते, परत येते तेव्हा केस विस्कटलेले आणि दहा वर्षांनी लहान दिसते.

शेवटच्या खोक्यात ती पिशवी. मी म्हटलं, हे भंगार साडेतीनशे किलोमीटर वाहून आणलंस? आता तरी टाकू. ती बशा पुसत होती. मागे न वळता म्हणाली, टाकायच्या आधी बघ. आता बघितलंस तरी काही बिघडत नाही.

वर्तमानपत्रावर ओतलं. खिळे, बिजागऱ्या, नाल. आणि तळाशी तिच्या जुन्या मोज्यात बांधलेले तेवीस तुकडे. काही वाटाण्याएवढे. एक माझ्या अंगठ्याएवढा, लाल माती अजून खाचांत.

त्या मोठ्या तुकड्याकडे बोट केलं. मग विचारलं, हा कुठला? म्हणाली, पणजोबांच्या विहिरीजवळचा. तू दोन फुल्या मारल्या होत्यास ना, एकीवर एक, तिथला. मुंगी चावली त्या दिवशी.

मी म्हटलं, म्हणजे सोनं निघालं होतं. वेळेत. करार मी जिंकलो होतो. ती म्हणाली, हो. दहा ऑगस्टलाच. म्हणून तर जेवताना विचारलं. त्या रात्री मी मनातल्या मनात समुद्राला रामराम ठोकून टेबलावर बसले होते, क्लाइव्ह. तू बघितलं असतंस तर राहिलेच असते तिथे. गुपचूप.

मग म्हणाली, तीनदा विचारलं.

रागवायला काहीतरी शोधत होतो. सापडलं नाही. लाज वाटली, आणि ती कोणावर ढकलता येईना. मर्व्हवरसुद्धा.

ती चहा ठेवायला आत गेली. मी तो अंगठ्याएवढा तुकडा उचलून तळहातावर घेतला. तीस वर्षं पोरांकडून सोन्याची घनता पाठ करून घेतली, पण जमिनीतून निघालेलं सोनं मी याआधी एकदाही हातात धरलं नव्हतं. एवढंसं, आणि इतकं जड असतं हे मला माहीतच नव्हतं.