ट्रायलशिवाय डिलिव्हरी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घातला आहे, इस्पितळाच्या बाकड्यावर बसून बसून कंबर धरली आहे). तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला आणि त्या खोकल्यावरची त्यांची मतं, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे आबा ठीक आहेत. ठीक म्हणजे, मरणाच्या दारात उभे राहून दाराच्या पडद्याची शिलाई तपासताहेत.

मागच्या वर्षी पोट उघडून त्यांची फुगलेली महाधमनी कापली आणि तिथे कापडाची नळी शिवली, ते तुला ठाऊकच आहे (तेव्हा तू राहायला आलीस आणि माझं स्वयंपाकघर नव्यानं लावून गेलीस, चहाची गाळणी अजून सापडलेली नाही). आता त्या नळीच्या वरच्या जोडाशी रक्त झिरपून फुगा धरलाय. तो फुटला तर आपण इस्पितळात असलो काय नि घरी असलो काय, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा पोट उघडणं आबांना झेपायचं नाही. म्हणून जांघेतल्या रक्तवाहिनीतून घडी घातलेली दुसरी कापडी नळी वर सरकवायची आणि जोडाच्या आत नेऊन उलगडायची, की झिरपणं बंद. टाकासुद्धा नाही. कुणीही मुकाट्यानं सही केली असती. पण आपल्या वडिलांनी जन्मभर लोकांचे कोट शिवलेत.

"कापड कुठलं?" पॉलिएस्टर, म्हटल्यावर आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते सेलमधून उचललं. डॉक्टर भले, त्यांनी नमुना आणून दाखवला. आबांनी तो चिमटीत चोळला, उजेडात धरला, दोरा ओढून पाहिला (तेव्हा सिस्टरनी काढून घेतला) आणि मागच्या खेपेची शिलाई सैल होती, असा शेरा ती शिलाई घालणाऱ्या डॉक्टरांनाच दिला. मग माप. ते मशीनमध्ये निजवून घेतलं, हे कळल्यावर उसळले, "आडव्या माणसाचं माप घेतात का कुठे? पोट कुठल्या कुठे जातं!" डॉक्टरांनी तेही हसण्यावारी नेलं. शेवटी आबांनी विचारलं, "ट्रायल कधी?" ट्रायल नसते, एकदा आत उलगडली की नळी परत काढता येत नाही, असं डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं (काय गरज होती!). "म्हणजे ट्रायलशिवाय डिलिव्हरी?" असं म्हणून आबांनी पेन खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

मी समजावलं, रागावलो, रडण्याचं नाटक केलं (अर्ध्यावर ते नाटक राहिलं नाही). तर म्हणतात, "तू गप रे. तुझ्या शाळेच्या पँटीला तीन ट्रायली लागल्या होत्या." हट्टापायी माणूस स्वतःचा जीव कसा टांगणीला लावतो, हे पाहून माझ्यासारख्या समंजस माणसाला फार खेद होतो.

बाकी क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. : आबांनी ट्रायलशिवाय शिवले ते फक्त तुझे फ्रॉक. नुसत्या नजरेनं माप घ्यायचे, आणि एकही चुकला नाही हे अजून सिस्टरना ऐकवतात. तेवढं त्यांच्या पलंगाशी उभं राहून त्यांनाच ऐकव. गुरुवारची वेळ ठरली आहे, तू बुधवारी ये. माझं ते ऐकणार नाहीत. (आल्यावर गाळणीही काढून दे.)

ता. क. २ : हे दुखणं घराण्यात उतरतं म्हणून डॉक्टरांनी आपल्या दोघांनाही तपासून घ्यायला सांगितलंय. पोटावरून नुसतं यंत्र फिरवतात. मी त्या खोलीच्या दारापर्यंत रोज जाऊन येतो. बाहेर फार गर्दी असते (काल एक बाई होत्या). तू आलीस की आधी तुझं करू. आबांना मात्र यातलं काही बोलू नकोस. पोरांचं माप उभ्यानंच घ्या म्हणून डॉक्टरांशी भांडायला ते पलंगावरून उठतील.