वाघाट्याच्या वेलाचा पत्ता

माय, तुले जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. तू गेली तवा मोबाईल नव्हते, त्याच्यातलं ॲप तं सोडूनच दे. तरी तुलेच सांगून राहिली, कारण बाकी कोणाले सांगितलं तं तोंड दाखवाले जागा राहणार नाही. नाल्याच्या काठचा आपला वाघाट्याचा वेल गेला. दोन्ही काठांले सिमेंटची भिंत झाली. सरळसोट, एक फट नाही.

तवा आपलं प्रताप नगर अर्धं वावरच होतं. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, बारशीले, उपास सोडाले घरोघरी वाघाट्याची भाजी पायजे, अन् तो वेल कुठं आहे ते फक्त तुले माहीत. तू फटफटताच टोपली घेऊन निघते, मी मागं. काटे वाघाच्या नखासारखे वाकडे, कोपरापर्यंत हात सोलून निघते. मग पायी धरमपेठच्या बाजारात. तिथं एखादी बाई घासाघीस कराले लागली की तू म्हणायची, "बाई, बारस आज आहे. उद्या या, उद्या तुमचाच भाव." एका साली मी शेजारच्या काकीले जागा सांगून बसली. बारशीच्या सकाळी आपण गेलो तं वेलाले एक फळ नाही, फांद्या बी मोडलेल्या. त्या दिवशी तू बाजारात गेलीच नाही. "तोंड आहे का नळाची तोटी वं? गावभर जागा सांगत फिरते!" अशी ओरडली, अन् मले ओढत नेऊन वेलावर हात ठेवाले लावला. जागा कोणाले सांगणार नाही अशी शपथ घ्याले लावली. मी पाचवीत होती.

आता शेजारी एक मॅडम राहते, कॉलेजात झाडापानाचं शिकवून रिटायर झालेली. नाल्याले भिंत बांधणार हे कळलं तवा मीच तिच्या दारात गेली, म्हटलं काही करा. ती म्हणे, "ताई, नुसतं ओरडून कोणी ऐकत नाही. नोंद पाहिजे." तिनं मोबाईलमंधी एक प्रोजेक्ट काढला, 'नाल्यावरचं रान'. नकाशावर नाल्याभोवती रेघ ओढली. त्या रेघेच्या आत कोणीबी झाडाचा, किड्याचा फोटो काढून ॲपवर टाकला की तो आपोआप प्रोजेक्टात येते. खूप नोंदी जमल्या की कागदावर छापून महानगरपालिकेच्या हापिसात न्यायच्या, वेल वाचवा असं सांगाले. मग आम्ही दोघी लोकं जमवाले निघालो. बगीच्यात सकाळी फिरणाऱ्या एकानं इचारलं, "मोर आहे काय तिथं? नाही? मग काय गवताचे फोटो काढू, काकू?" भजनातल्या बाया हो हो म्हणाल्या, मग म्हणते, "पण मोबाईल तं सुनेजवळ राहते." किराणा दुकानावर कागद चिकटवला, दुसऱ्या दिवशी त्याच्यावर कोचिंग क्लासचा. एक जण जॉईन झाला, त्यानं आपल्या नाल्याकडच्या गॅलरीतल्या कुंडीतला गुलाब टाकला. असल्या फालतूपणाचा मले भारी राग येते.

मी मात्र रोज गेली. फागुनात वेल फुलला, पांढरी फुलं दुपारपर्यंत गुलाबी होते, त्यांचे काढले. काट्याचे, अळ्यांचे, हिरव्या फळाचे काढले. फोटो टाकला की ॲप इचारते, जागा लोकांले दाखवू का बंद ठेवू. मी बंद ठेवली. प्रत्येक वेळी. बंद ठेवलेली नोंद रेघेच्या आत पडतच नाही, हे मले मॅडमनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. महिन्याभरानं ती इचारते, "ताई, तुम्ही रोज जाता, मग तुमचे फोटो प्रोजेक्टात काहून दिसत नाहीत?"

"मोबाईल जुना आहे," मी म्हटलं.

हापिसात साहेबानं कागद पाहिला. त्याच्यावर मॅडमनं काढलेलं तरोट्याचं झुडूप, एक कबुतर, अन् त्या माणसाचा गुलाब. "मॅडम, इथं तं काहीच नाही. वेल कुठं आहे? नकाशावर दाखवा ना." मॅडमनं माह्याकडं पाहिलं, जागा मी तिलेबी दाखवली नव्हती. पर्स मांडीवर, मोबाईल पर्समंधी, सारे फोटो त्याच्यात. मी पंख्याकडं पाहत राहिली. साहेब म्हणाला, "चलो, ठीक आहे," अन् दुसरी फाईल ओढली. आषाढ लागाच्या आधीच मशीन आलं. वेल उपटाले त्याले चहा प्यायचा बी वेळ लागला नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी एकेक नोंद उघडी केली. आता प्रोजेक्टात नाल्याच्या काठानं टिंबंच टिंबं आहे. दूरदेशच्या कोणीतरी नाव बरोबर असल्याचं कळवलं, कोणी लिहिलं की छान वेल आहे, कधी आलो तं पाहू. मॅडमनं ते वाचलं. तारखा बी वाचल्या, साऱ्या मशीन याच्या आधीच्या.  आता रस्त्यात दिसली तं मान हलवते अन् पुढं जाते.

हे लिहून मी डब्यात ठेवणार, पोस्टात टाकून काय फायदा. अन् तू समजशीन की पोरीनं शपथ पाळली. तसं नाही, माय. बंद करताना तू एकदाबी आठवली नाही. मले येवढंच वाटत होतं, की जागा उघडी केली तं बारशीले साऱ्या कॉलनीच्या बाया तिथं येतीन, अन् मले तोडाले काही उरणार नाही.