माझा तक्ता, तुमचा कायदा

सर, तुम्ही गेलात त्याला सतरा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर रागावलेलीच आहे. आज वर्ग सुटल्यावर एका विद्यार्थिनीने विचारलं, "प्रोफेसर, तुमचा पहिला पेपर विथड्रॉ केलेला दिसतो. कुणी करायला लावला?" मी म्हटलं, "कुणी नाही, मीच केला." ती "ओ" म्हणाली आणि बॅग उचलून निघून गेली. तिला वाटलं असणार, बाई काहीतरी लपवताहेत. तिला परत बोलावून सगळं सांगावंसं वाटलं. पण सगळं सांगायचं तर तुमच्यापासून सुरुवात करावी लागते, आणि तुमच्याबद्दल मला धड चांगलं बोलता येत नाही की धड वाईट. म्हणून तुम्हालाच लिहितेय. तुम्ही मध्ये तोंड घालणार नाही, हे एक बरं आहे. जिवंतपणी तुम्ही मला एक वाक्य कधी पुरं करू दिलं नाहीत.

दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये मी नागपूरहून न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला पीएच.डी. करायला आले तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा दिसलात ते सायकलवर. रस्त्यापलीकडच्या दुकानातही गाडी काढून जाणाऱ्या त्या गावात एक साडेसहा फुटी डच प्रोफेसर सुटाची पँट मोज्यात खोचून पॅडल मारत चाललाय. मला वाटलं, बिचाऱ्याकडे लायसन्स नसेल. तुम्ही माझे गाइड झालात आणि मग डिपार्टमेंटच्या छोट्या किचनमध्ये रोज भेट होऊ लागली. बरोबर साडेबाराला तुम्ही डबा उघडायचात. दोन स्लाइस, मध्ये चीज. शुक्रवारी चीजऐवजी ब्रेडवर चॉकलेटची भुरभुर. एवढा मोठा अर्थतज्ज्ञ आणि डब्यात हे! मला इतकी दया आली की मी माझी फोडणीची पोळी अर्धी तुमच्यापुढे सरकवली. ती कालच्या उरलेल्या पोळ्यांची असते हे कळल्यावर तुम्ही चमचा हवेतच धरून तिथे जेवणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना संसाधनांच्या वापरावर व्याख्यान दिलंत, आणि पोळी थंड झाली. नावाने हाक मार म्हणून तुम्ही शंभरदा सांगितलंत. ते काही मला जमलं नाही.

त्याच किचनमध्ये तुम्ही मला तुमच्या देशातली निवडणूक समजावलीत. तिथे मतदानाआधी पक्ष आपला जाहीरनामा सरकारी अर्थतज्ज्ञांकडे तपासायला देतात आणि कुणाचं कुठलं आश्वासन किती खरं हे लोकांना छापून मिळतं. मी हसून म्हटलं, "आमच्याकडे जाहीरनामा निवडून आलेला पक्षसुद्धा वाचत नाही, सर." तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "न तपासलेला आकडा घेऊन लोकांपुढे जाणं म्हणजे चोरी." हे वाक्य माझ्याकडे आहे. मी ते तुमच्याविरुद्ध पुष्कळ वापरलंय.

तुमची बोलणी खाल्ली ती पहिल्या सेमिनारमध्ये. मी उभी राहून आकडे वाचतेय, प्रत्येकापुढे "कदाचित", "काही प्रमाणात" लावतेय, आणि तुम्ही वीस जणांसमोर म्हणता, "तुझे तक्ते फार नम्र आहेत. काय सापडलं ते सांग, नाहीतर खाली बस." मी रेस्टरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि परत येऊन सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत. त्या डिसेंबरात तुम्ही मला एक कॅलेंडर दिलंत. त्यात वार नव्हते, नुसत्या तारखा. आपल्या माणसांचे वाढदिवस त्यात लिहायचे आणि ते संडासात टांगायचं, म्हणजे रोज नजरेखालून जातात, ही म्हणे तुमच्याकडची पद्धत. आईबाबांची नावं संडासात! मी ते गॅसच्या वर टांगलं आणि तुमचाही वाढदिवस लिहिला, फोडणी उडणार नाही अशा जागी.

तिसऱ्या वर्षी तुमच्या देशातल्या एका छोट्या पक्षाला आपल्या नेत्याचा कंटाळा आला आणि त्यांनी नेता म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही ऑफिसात पुस्तकं खोक्यात भरताय, मी टेपची रीळ धरून उभी आहे. तुम्ही म्हणालात, "तीस वर्षं मी मंत्र्यांना सल्ला दिला, त्यांनी ऐकला नाही. आता स्वतःलाच देतो." डिपार्टमेंटमध्ये सगळे म्हणाले, चांगला माणूस वाया गेला. मी भांडले सगळ्यांशी. निवडणुकीचा निकाल माझ्या रूममेटने आणि मी एक अक्षर न कळता लॅपटॉपवर पाहिला, तुमच्या पक्षाचा रंग तेवढा ओळखून. तुम्ही समाजकल्याण मंत्री झालात तेव्हा बाबांनी नागपुरात अख्ख्या कॉलनीला पेढे वाटले. मुलीचे गाइड मंत्री!

जाताना तुम्ही मला तुमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या पाहणीची आकडेवारी देऊन गेला होतात. तिथे एकट्या वृद्धांकडे नगरपालिकेची बाई येते. आंघोळ घालते, केर काढते. ही मदत कमी केली तर काय होतं, हा माझा प्रश्न होता. माझं उत्तर होतं, काही होत नाही, मुलं सांभाळून घेतात. तो माझा पहिला छापलेला पेपर. त्यातला तिसरा तक्ता मुळीच नम्र नव्हता. मी काय केलं होतं, सर? ज्या म्हाताऱ्यांचं मूल त्याच गावात राहतं, त्यांच्यापुढे मी "मदत आहे" असं लिहिलं होतं. मुलगा गावात आहे म्हटल्यावर आईला जेवायला कोण घालणार, हा प्रश्न नागपूरच्या मुलीला पडतच नाही. गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष कुणी आलं होतं का, याचा वेगळा रकाना पाहणीत होता. तो मी उघडलासुद्धा नाही. सरकारी बाई काढून घेतली तरी माझ्या तक्त्यात निराधार वाढत नव्हते, कारण मी त्यांना आधीच मुलांच्या हवाली करून मोकळी झाले होते.

आमची घरमालकीण खालच्या मजल्यावर एकटी राहायची. मुलगा त्याच गावात, गाडीने दहा मिनिटांवर. एका मार्चमध्ये मी दुपारी लायब्ररीतून आले तर ती बाथरूमच्या फरशीवर पडलेली, सकाळी आठपासून. मी फोनकडे धावले तर ती माझा हात धरून म्हणते, "त्याला नको कॉल करूस, हनी. तो कामावर असेल." मी अँब्युलन्स बोलावली. मुलगा रविवारी आला, फुलं घेऊन.

पुढच्या महिन्यात तुम्ही संसदेत विधेयक मांडलंत आणि माझा आकडा वाचून दाखवलात. "न्यू जर्सीतल्या एका काटेकोर संशोधनानुसार." ज्यांची मुलं जवळ राहतात त्यांची मदत बंद. बातमी वाचली आणि मी फाइल उघडली, तो दुसरा रकाना घातला, आणि तिसरा तक्ता माझ्या डोळ्यांदेखत कोसळला. जवळ राहणाऱ्या मुलांपैकी बहुतेक जण येतच नव्हते. रूममेट म्हणाली, "अगं, तू वेडी आहेस का? मिनिस्टरशी पंगा घेणार? तुझ्या रेकोची वाट लागेल यार! जॉब नाही मिळाला तर व्हिसाचं काय?" तिचं बरोबर होतं. तुमच्या शिफारसपत्राशिवाय मला कोण विचारणार होतं?

विधेयकावरच्या मतदानाआधी तुम्ही भाषणासाठी युनिव्हर्सिटीत आलात आणि मला किचनमध्ये भेटलात. बाहेर तुमचा सेक्रेटरी घड्याळ बघतोय. मी दोन्ही तक्ते टेबलावर ठेवले. तुम्ही ते वाचलेत, नीट वाचलेत.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "पेपर मागे घेतेय. तुम्हीही आकडा मागे घ्या."

"संसदेत तळटीपा वाचत नाहीत," तुम्ही म्हणालात. "विधेयक या एका आकड्यावर उभं नाही. मतदान होऊ दे, मग काय ते कर. तुझं पत्र मी स्वतः लिहीन, हव्या त्या युनिव्हर्सिटीला."

"आणि तोवर त्या बायकांना आंघोळ कोण घालणार?"

"हे राजकारण आहे. इथे कुणीतरी निर्णय घ्यावा लागतो."

"मग न तपासलेल्या आकड्याला चोरी कोण म्हणत होतं, सर?"

तुम्ही उठलात. पत्राबद्दल पुन्हा बोलला नाहीत, मीही मागितलं नाही. त्याच दुपारी मी पेपर मागे घेतल्याचं जर्नलला कळवलं आणि प्रत तुमच्या विरोधकांना पाठवली. हो, मीच पाठवली. कायदा तरीही झाला. पुढच्या निवडणुकीत तुमचा पक्ष आपटला, तुम्ही नेतेपद सोडलंत, आणि वर्षभरात हार्ट अटॅकने गेलात. मला तुमच्या पत्राशिवाय एका लहान कॉलेजात नोकरी मिळाली, सेमिस्टरला चार वर्ग. मी ती मान ताठ ठेवून करते आहे. पेपर मागे घेतल्याचा मला पस्तावा नाही, तुमचा घास कडू केल्याचाही नाही. मी नागपूरची होते, माझी चूक समजण्यासारखी होती. तुम्ही त्या देशात वाढलात. स्वतःच्या आईला वर्षातून दोनदा, डायरीत वेळ ठरवून भेटत होतात. मूल जवळ आहे याचा अर्थ मूल येतं असा नाही, हे तुम्हाला कळायला हवं होतं. तुम्हाला ते कळत होतं, असंच मी मरेपर्यंत म्हणणार.

फक्त एक राहिलं. विधेयकाच्या आठवडाभर आधी तुमचा फोन आला होता. "तिसरा तक्ता मी संसदेत वापरतोय. जराही शंका असेल तर आत्ता सांग." घरमालकीण तेव्हा हॉस्पिटलातून घरी आली होती, खालून तिच्या वॉकरची टकटक ऐकू येत होती. शंका होती, सर. एक रकाना उघडून बघायचा होता, दहा मिनिटांचं काम. पण एक मंत्री माझ्या तक्त्यासाठी समुद्रापलीकडून फोन करतोय, आणि मला पुन्हा "कदाचित" म्हणायचं नव्हतं. मी म्हणाले, "बिनधास्त वापरा." किचनमध्ये त्या दिवशी तुम्ही या फोनचा उल्लेखही केला नाहीत. नंतर विरोधकांनी भर सभागृहात विचारलं, आकडा वापरण्याआधी लेखिकेला विचारलं होतं का? तुम्ही उत्तर दिलंत, "तो आकडा मी निवडला." आणि खाली बसलात. तुमच्या पत्नीचा पत्ता माझ्याकडे आहे, पण हे पत्र मी पाठवणार नाही. त्या फोनबद्दल तुम्ही निदान त्यांना तरी सांगितलं होतं का, हे विचारायची मला भीती वाटते.