मनगटावरचा चहाडखोर

ती. दादा,

आपल्या मेहुण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (डाव्या हातावर सध्या दुसऱ्याचा ताबा आहे, ते खाली येतंच आहे.) आपले गुडघे कसे आहेत? वहिनींचं डोळ्यांचं औषध चालू आहे ना? इकडे आपली बहीण मजेत आहे आणि मी संशयात आहे.

दोन महिन्यांपूर्वी माझ्या छातीनं जो तमाशा केला तो आपल्याला ठाऊक आहेच. त्यानंतर लेकीनं माझ्या मनगटावर एक घड्याळ बांधलं. चाळीस वर्षं मी लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आता घड्याळ मला दुरुस्त करणार. याला काटे नाहीत, चावी नाही, कानाला लावलं तर टिकटिक नाही. ते माझीच टिकटिक मोजतं. दवाखान्यात व्यायाम करवून घेणाऱ्या नर्सबाईंनी त्यात एकशे दहाचा आकडा भरून दिलाय. चालताना ठोके त्याच्या वर गेले की ते गुरगुरतं, मग मी थांबायचं. नव्वदच्या खाली आले की पुन्हा चालायचं. महिनाभर हे नीट पाळलं तर दुकान उघडायची परवानगी, नाहीतर लेक दुकान विकून आम्हा दोघांना तिच्या घरी नेणार. म्हणजे माझं दुकान आता या डबीच्या शब्दावर टांगलेलं आहे.

पहिल्या दिवसापासून मला यात कुठेतरी पाणी मुरताना दिसतंय. चढावर ते रोज नेमकं सलूनसमोरच गुरगुरतं. मी थांबलो की सलूनवाला खुर्ची झटकतो. दोन दिवस मी आभाळाकडे बघत उभा राहिलो, तिसऱ्या दिवशी भिडेखातर आत जाऊन बसलो. त्या आठवड्यात माझे केस तीनदा कापले गेले (कापण्यासारखं कानांमागे काय ते होतं). नर्सबाई आणि सलूनवाला एकमेकांचे कोण लागतात याची मी चौकशी केली. कोणीच लागत नाहीत म्हणे. ठरवून ठेवलं असलं की असंच सांगतात. शिवाय जिना जरा भरभर चढलो की पाच मिनिटांत लेकीचा फोन: बाबा, कसली घाई होती? पोलीससुद्धा इतकं खोदून विचारत नाहीत.

आमच्या धंद्यात घड्याळाची परीक्षा एका जागी ठेवून होत नाही. उताणं, पालथं, उभं, आडवं ठेवून पाहायचं आणि दर वेळी चिठ्ठी लिहायची. एके ठिकाणी चुकलं की चोर सापडला. याला पालथं घालून काय उपयोग, म्हणून मी मनगटं बदलायचं ठरवलं. पहिलं मनगट आपल्या बहिणीचं. ती खिडकीशी बसून माझ्या सदऱ्याला बटण लावत होती. घड्याळ म्हणालं, एकशे अडतीस. मग त्र्याहत्तर. मग एकशे एकावन्न. बसल्या जागी, दादा, बटण लावताना. मी टाळीच वाजवली. "तुमचं आपलं काहीतरी भलतंच," असं म्हणून तीही हसली. मी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली: घड्याळ ठार खोटं.

ही आनंदाची बातमी कळवायलाच हे पत्र. लेकीला आपणही माझ्या बाजूनं दोन ओळी लिहाव्यात, म्हणजे दुकान सुटेल.

आपला,
घड्याळाचं ऐकणं सोडलेला मेहुणा

ता. क. नियम म्हणजे नियम, म्हणून पाकीट चिकटवण्याआधी बाकीची मनगटंही तपासली. सलूनवाला अठ्ठ्याहत्तर, शेजारचा शिंपी सत्तर, नर्सबाई चौसष्ट. प्रत्येकाची नाडी मी स्वतः बोटांनी मोजून पाहिली. एका ठोक्याचा फरक नाही. माझ्या स्वतःच्या नाडीतही नाही.

आणखी ता. क. घरी आल्यावर आपल्या बहिणीची नाडी धरली, घड्याळाशिवाय. घाईघाईनं तीन ठोके, मग काहीच नाही, मग पुन्हा पळापळ. बिघडलेली चाल मला समजते, दादा. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, पायऱ्यांवर दम लागतो, पण तुमच्या आजारपणात कुठे सांगत बसू. दवाखान्याचं नाव काढलं की उठून जाते, लेकीला कळवायचं नाही अशी शपथ घातलीय. आपल्याला फोनवर मोठ्यानं सांगावं लागतं आणि ती शेजारच्याच खोलीत असते, म्हणून शिंप्याचा भाऊ आज तिकडे येतोय त्याच्या हाती हे देतो. तिनं आयुष्यात फक्त आपलंच ऐकलंय. लगेच निघा. माझी तब्येत बघायला आलो म्हणा. मला फार भीती वाटते. दुकानाबद्दल वर जे लिहिलंय ते खोडलं असं समजा. लेक म्हणेल तिथे जाऊन राहीन, फक्त ही सोबत असू दे.