गरुडाच्या पानावर अडलेलं मशीन

प्रिय बाबा,

पोस्टातून पाकीट आलेलं बघून घाबरू नका. घरी सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा बरा आहे, परीक्षा तोंडावर आली असूनही छोटी नेहमीसारखीच निवांत आहे, आणि मोरीतला गळका नळ मी बदलून घेतला. हे आधीच लिहून टाकतो, कारण मी काहीही सांगायला लागलो की तुम्ही मध्येच म्हणता, "मेलं कोण ते आधी सांग." कोणी मेलेलं नाही. बातमी चांगली आहे. पण ती चांगली का, हे कळायला आधीचं सगळं सांगावं लागतं, आणि फोनवर तुमच्या मागे त्या नाट्यगृहात हातोड्या चालू असतात. माझं निम्मं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी घाबरून गिळतो. म्हणून हे पत्र. कच्चं लिहून मग पक्कं केलं आहे.

तुम्ही फोनवर विचारायचात, "नवा कॉम्प्युटर काय म्हणतोय?" आणि मी म्हणायचो, "मस्त." तो मस्त नव्हता. तुम्ही खुर्च्या मढवायच्या कामाला गेलात त्याच आठवड्यात तो बंद पडायला लागला. बंद म्हणजे कसा? पडद्यावर पान उघडं आहे, मी टाईप करतोय, आणि एकदम काळोख. कुरकूर नाही, सूचना नाही. मग आपला आपणच सुरू होतो आणि "आपलं स्वागत आहे" म्हणतो, जणू मघाशी उठून गेला तो कोणी दुसराच होता. कधी दिवसातून एकदा, कधी तासाला. एकदा तर आई नुसती शेजारून लाटणं घेऊन गेली आणि तो बंद पडला. तेव्हापासून ती त्या कोपऱ्यातून जाताना चोरासारखी चालायची.

माझा जीव का टांगणीला लागला होता ते तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे. प्रकाशनवाल्या बाईंनी मला पुस्तकाचं काम दिलं, एवढं मी सांगितलं होतं. त्यांची माझी ओळख मी कामाला होतो त्या पत्रिकांच्या दुकानातली. त्या एका समारंभाची निमंत्रणं छापून घ्यायला आल्या होत्या, आणि मजकुरात तारीख आणि वार जुळत नव्हते. मी भीत भीत सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, मग माझ्याकडे बघितलं आणि शिक्षण विचारलं. मी म्हटलं, नववी. त्या म्हणाल्या, "मला नजर हवी आहे, दाखला नको. घरी मशीन असेल तर एका पुस्तकाची पानं लावून दाखवा." पुस्तक पक्ष्यांचं. जाडजूड, पानोपानी मोठाले फोटो. महिनाअखेर छापखान्यात गेलं तर पुढची पुस्तकंही माझी, नाही गेलं तर ते काम दुसऱ्याकडे. हे दुसरं मी घरात कोणाला बोललो नव्हतो. आणि मी दुकान सोडलं त्या दिवशी मालक हसत म्हणाले होते, "खुर्ची पुसून ठेवतो रे, येशीलच." ते चांगल्या मनाने म्हणाले असतील, पण मला ती पुसलेली खुर्ची स्वप्नात दिसायची.

तर बाबा, मी शोधायला बसलो. तुम्ही मला ओळखता. दाराला कुलूप लावून जिना उतरलो की परत वर जाऊन ओढून बघणारा मी. आधी वाटलं, मेमरीच्या पट्ट्या सैल बसल्या असतील. त्या काढून, पुसून, पुन्हा बसवल्या. मग पाळीपाळीने एक काढून एकीवर चालवून पाहिलं. मग सगळं पुसून विंडोज नव्याने टाकली. मग केबल बदलली, भिंतीतलं सॉकेट बदललं, वीजवाल्याला बोलावून घरची वायरिंग तपासली. शेजारच्या काकूंनी त्यांच्या फ्रिजचा स्टॅबिलायझर दिला. त्यांचं दूध नासलं, माझा कॉम्प्युटर तसाच. आतल्या प्रोसेसरचा ताप दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो, तो लावून मी आकडे बघत बसायचो. ताप नाही. छोटी म्हणाली, "दादा, तो तुला घाबरतोय. एवढं टक लावून माझ्याकडे कोणी बघितलं तर मीपण बंद पडेन." आणि प्रत्येक ओळीनंतर काम सेव्ह करायची मला इतकी सवय लागली, की जेवतानासुद्धा माझ्या डाव्या हाताची दोन बोटं ताटाशेजारी दाबल्यासारखी हलायची. आईने विचारलं, "हे काय, पेटी वाजवतोस का?"

शेवटी रिक्षात मांडीवर घेऊन तो, जिथून विकत घेतला त्या दुकानात नेला. तिथल्या दुरुस्तीवाल्याला छोटी डॉक्टर म्हणते, कारण तो मशीनच्या पाठीवर हात ठेवून आधी "काय होतंय?" असं विचारतो. त्याने तो दोन दिवस ठेवून घेतला, मुद्दाम जड जड कामं लावली. एकदाही बंद पडला नाही. शाळेत तपासनीस आले की शहाण्यासारखं बसणारं पोर असतं ना, तसा. डॉक्टर म्हणाला, "हा धडधाकट आहे. तुमचंच बीपी बघून घ्या." मी आनंदाने घरी आणला, जागच्या जागी नीट ठेवला, गरुडाचं पान उघडलं, आणि ये रे माझ्या मागल्या. पुन्हा नेला. पुन्हा तिथे ठणठणीत. पुन्हा आणला. पुन्हा काळोख. आणि बहुतेक वेळा त्या गरुडाच्याच पानावर, कारण तो फोटो सगळ्यांत मोठा, दोन पानांवर पंख पसरलेला. आई म्हणाली, "त्याला आपलं घरच मानवत नाहीये, दुसरं काय." मी चिडलो, पण मनात म्हटलं, आई अगदीच चुकीचं बोलत नाहीये. जे काही आहे ते घरातच आहे. मग मी घरातल्या एकेका गोष्टीवर संशय घ्यायला लागलो. मिक्सर, इस्त्री, पंखा. छोटीच्या मोबाईलवरही घेतला, त्यावरून आमचं वाजलं.

आता जरा अवघड भाग. तुम्ही निघालात त्या सकाळी काय केलं होतंत ते आठवतं ना? आदल्या दिवशी काही न बोलता कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा तळ मापून घेतलात, आणि निघताना पिशवीतून एक गादी काढलीत. गर्द हिरवी मखमल, चारी कडांना पायपिंग, कोपरे असे की बोट फिरवलं तरी शिवण लागू नये. "नवी वस्तू आहे, कडक फळीवर ठेवू नये," म्हणालात आणि बॅग उचलून चालू लागलात. मी कॉम्प्युटर घेतला तेव्हा तुम्ही चांगलं-वाईट काहीच बोलला नव्हतात. त्यामुळे ती गादी बघून मला काय वाटलं ते मी लिहीत नाही. आल्यागेल्याला मी आधी गादी दाखवायचो, मग कॉम्प्युटर.

मागच्या आठवड्यात काय झालं, मी छपाईचे कागद आणायला बाहेर गेलो होतो. परत आलो, कामाला बसलो. बसल्या बैठकीला बदक, घुबड, करकोचा, सगळे पार. गरुड उघडला. पंख, चोच, सगळं जागेवर. दुपार गेली, संध्याकाळ झाली. मला आनंद व्हायच्या ऐवजी भीतीच वाटायला लागली, की आता बंद पडेल तो एकदम कायमचाच. तेवढ्यात छोटी चहा मागायला उठली आणि तिच्या खुर्चीवर मला हिरवी मखमल दिसली. मी म्हटलं, "ही कोणी काढली?" ती म्हणाली, "मी. मला बसायला काहीतरी मऊ हवं होतं. कॉम्प्युटरला बूड आहे का?" मी तिला वाट्टेल ते बोललो. बाबांनी केलेली वस्तू, विचारल्याशिवाय, वगैरे. गादी झटकली, कॅबिनेट उचलून तिच्यावर नीट मधोमध ठेवलं आणि पुन्हा कामाला बसलो. छोटीचा चहा संपायच्या आत काळोख. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे बघतोय. मग दोघांनी मिळून कॅबिनेट आडवं केलं. तळाला एक चौकोनी जाळी आहे, बाबा. भिंतीतली वीज आतल्या भागांना वाटून देणारा जो डबा असतो, त्याचा पंखा त्या जाळीतून खालून हवा ओढतो. फळीवर ठेवलं तर बुटक्या पायांमुळे मध्ये फट राहते. गादीवर ते पाय हळूहळू रुतले, आणि जाळी मखमलीला जाऊन टेकली. गादीवर जाळीचा ठसा उमटला होता, वेलबुट्टीसारखा. तो डबा आतल्या आत गुदमरायचा, तापायचा आणि स्वतःला वाचवायला सगळंच बंद करून टाकायचा. प्रोसेसरचा ताप बघून मला ते कसं कळणार? आणि दुकानात कळायचा प्रश्नच नव्हता. गादी मी कधी तिथे नेलीच नाही, ती मळेल म्हणून घरीच ठेवायचो.

मी सगळ्यांवर संशय घेतला होता. वीज कंपनीवर, दुकानावर, शेजारच्या फ्रिजवर, स्वतःवर तर रोजच. गादीवर घेतला नाही, कारण तुमच्या हातच्या कामात खोट असेल हे माझ्या डोक्यातच येत नाही. खोट नव्हतीही. तुम्ही आजवर माणसं बसवलीत, आणि माणूस खालून श्वास घेत नाही. जमिनीवर बसून आम्ही दोघं इतकं हसलो की आई लाटणं घेऊन आत आली. छोटी म्हणाली, "बाबांच्या मायेने त्याचा जीव जात होता." आई आधी हसली, मग गंभीर झाली आणि म्हणाली, "त्यांना नका सांगू, मनाला लावून घेतील." छोटी म्हणाली, "सांग रे, चार खुर्च्या हसत हसत मढवतील." दोन मतं आली की माझं काय होतं तुम्हाला माहीत आहे. आम्ही मतदान घेतलं, ते बरोबरीत सुटलं, कारण मी दोन्ही बाजूंना हात वर केला. तेव्हा आता तुम्हाला कळलंच आहे. गादी छोटीकडे आहे. तिच्यावर बसून ती अभ्यास करते, निदान बसते तरी.

पुस्तक वेळेत गेलं, बाबा. मुदतीच्या आदल्या दिवशी. कॉम्प्युटर साध्या फळीवर उभा आहे आणि त्याने एकदाही डोळा मिटलेला नाही. बाईंनी सगळी पानं घरी नेऊन वाचली. मी फोनजवळच बसून होतो, आणि वाजला तेव्हा आईलाच उचलायला लावला. त्या म्हणाल्या, "मुलाला सांगा, एक चूक सापडली, आणि ती माझीच आहे." आई दिवसभर हे वाक्य भाजीवाल्यापासून सगळ्यांना सांगत होती. सुरुवातीच्या पानावर, लेखकाच्या आणि छायाचित्रकाराच्या नावाखाली, बारीक अक्षरात "अक्षरजुळणी" असं आहे आणि पुढे माझं नाव. ते नीट आहे ना हे मी किती वेळा तपासलं ते विचारू नका. काल बाईंनी पुढची दोन पुस्तकं हातात ठेवली, एक झाडांचं, एक माशांचं. पत्रिकांच्या दुकानात पेढे घेऊन गेलो. मालकांनी दोन उचलले, म्हणाले, "मग खुर्ची दुसऱ्याला देऊ ना?" मी म्हटलं, द्या.

आता ज्याच्यासाठी बसलो ते लिहितो. समोरासमोर मला ते जमलं नसतं. घरात टेबल एकच, पानं पसरली की जेवायला जागा उरत नाही, आणि आता ढीग वाढणार. तुमच्या कारखान्याच्या माळ्यावर, फोमच्या शिटा ठेवता तिथे, खिडकीशी एक टेबल आणि एक कपाट बसतं. मी मोजून आलो आहे. चावी आईने दिली, रागावू नका. नववीनंतर तुम्ही मला तिथे कामाला बसवलं होतंत. मी कापड इतकं मापायचो की ते कापायचं राहून जायचं, आणि एक दिवस येत नाही म्हणालो. तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत. म्हणून मी इतकी वर्षं कारखाना टाळून समोरच्या फुटपाथवरून जात राहिलो, उगीच. काल आत गेलो तर तुमच्या कात्रीशेजारच्या खिळ्याला माझी कात्री टांगलेली होती. मला वाटलं, गंजली असेल. उघडून पाहिली तर बोटांना तेल लागलं. बाबा, मला गाद्या शिवता येणार नाहीत, आणि तुम्हाला माझे मासे आणि झाडं कळली नाहीत तरी चालेल. पण खाली तुमचं मशीन चालू असेल आणि वर मी असेन, असं मला हवं आहे. जागा द्याल का? फोनवर नुसतं "बरं" म्हणालात तरी पुरे, टेबल वर चढवायला मी माणसं सांगून ठेवली आहेत.

तुमचाच,
थोरला