सातवा नमुना

प्रिय भिंगरी,

तुझे पत्र बुधवारी मिळाले. तीन वेळा वाचले. पहिल्या वाचनात मजकूर कळला, दुसऱ्यात शुद्धलेखनाच्या नऊ चुका सापडल्या आणि तिसऱ्यात चष्मा पुसावा लागला. चुका पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवल्या आहेत. आलीस की दाखवीन. ‘रविवारी येऊ, पण मैत्रिणीकडे उतरू; जेवायला थांबणार नाही’ या वाक्यात मात्र एकही चूक नाही. असे निर्दोष वाक्य तू रागावल्याशिवाय लिहीत नाहीस, हे तुझ्या सहावीपासून मला ठाऊक आहे.

इकडची खुशाली अशी. माझा उजवा डोळा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर चांगलाच कुरकुर करत होता, आता वठणीवर आला आहे. नळाची चकती पुन्हा गेली. प्लंबर ‘उद्या येतो’ म्हणून गेला, त्याला आज अकरा दिवस झाले. तुझी आई खिडकीपाशी मशीन लावून बसलेली असते. छोटीसाठी फ्रॉक शिवते आहे. नातीचे माप ठाऊक नाही, म्हणून एकाच कापडाचे तीन मापांचे तीन फ्रॉक. मी म्हटले, फोन करून विचार. तर म्हणाली, “विचारायला तोंड कुठंय मला?” आणि सुईत दोरा ओवू लागली. तो पहिल्या झटक्यात ओवला गेला नाही, एवढेच सांगतो.

दोन वर्षे आणि चार महिने झाले त्या दिवसाला. छोटी सात महिन्यांची होती, तू तापाने फणफणली होतीस आणि मी नेमका डाव्या डोळ्याला पट्टी बांधून इस्पितळात पडलो होतो. तू आईला एवढेच म्हणालीस की थोडा मऊ भात कर आणि पोरीला भरव. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली, तिथेच थांबली आणि मग शेजारच्या काकूंना बोलावून आणले. भात काकूंनी केला, भरवलाही काकूंनी. तुझे बोलणे मी घरी आल्यावर तुझ्याच तोंडून ऐकले: “शेजारणीच्या हातचं चालतं, मग तुझ्या का नाही? आई, तुझ्या हातांना मायाच नाही.” दुसऱ्या दिवशी तू गेलीस. उत्तर मी दिले असते. पण मी एका शब्दाने बांधलेला होतो. शब्द किती जपून वापरावा, हे मी तुला जन्मभर शिकवले. आता पाळलेल्या शब्दाचे काय होते, तेही ऐक.

लहानपणी तू सगळ्यांना कौतुकाने सांगत असस की आमच्याकडे बाबा स्वयंपाक करतात. मोठी झाल्यावर ते कौतुक हळूहळू टोमण्यात गेले. “आईसाहेब कधी चुलीजवळ जाणार?” असे तू विचारायचीस, आणि ती हसून तुझ्या वेणीला गाठ मारायची. तिचा टॉवेल वेगळा, साबण वेगळा, दर रविवारी सकाळी नखे मुळापर्यंत कापलेली. कोपरापर्यंत हात घासणे तर असे की तू तिला ‘सर्जनबाई’ म्हणायचीस. ती तुझ्या ताटातला घास कधी उचलत नसे, तुला फळ सोलून देत नसे. मात्र तुझे केस ती तासभर विंचरी. गुंता नसला तरी विंचरी. तुझ्या लक्षात आले नसेल. माझ्या आले होते. कारण त्या हातांना तुझ्यासाठी करता येण्यासारखे जे थोडके होते, त्यातले ते एक होते.

मी आरोग्य निरीक्षक होतो हे तू जाणतेस. पण माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी मुलींच्या एका वसतिगृहात विषमज्वराची साथ आली होती, हे तू जाणत नाहीस. (लोक टायफॉइड म्हणतात. म्हणोत.) तीन आठवड्यांत अकरा मुली आजारी. मी प्रथम पाण्याकडे वळलो, कारण अशा वेळी दहातल्या नऊ निरीक्षकांचे पाय टाकीकडेच वळतात. टाकी उपसली, पाणी तपासले, पाणी निर्दोष. दूध उकळलेले. मग मी प्रत्येक मुलीच्या खाटेशी बसून तिने कोणत्या वारी काय खाल्ले, ते लिहून घेतले. मुलींना माझी गंमत वाटे. एक तर तापातही म्हणाली, “काका, माझ्या आईनंसुद्धा एवढं विचारलं नाही कधी.” चार दिवसांनी कागद शेजारी शेजारी मांडले तेव्हा दिसले की अकराही जणींनी साथीआधीच्या एका गुरुवारी दुपारी कापलेली पपई खाल्ली होती. ज्या चौदा जणी त्या गुरुवारी सामन्यासाठी बाहेर गेल्या होत्या, त्यांच्यातली एकही आजारी नव्हती. शिजवलेल्या अन्नात हा जंतू मरतो. कापलेल्या फळावर तो सुखाने राहतो. पपई कोण कापते, असे मी विचारले. सगळ्यांनी एकाच दिशेला बोट दाखवले.

ती सव्वीस वर्षांची होती. स्वयंपाकघरातली सगळ्यांत स्वच्छ बाई. मुली तिच्यावर जीव टाकत. लहानपणी तिला एकदा मोठा ताप येऊन गेला होता. त्यानंतर साधे पडसेही नाही. तपासणीत तिच्या शौचाच्या नमुन्यात जंतू सापडला. आम्ही अशा माणसाला निरोगी वाहक म्हणतो: स्वतः ठणठणीत, पण जंतू पित्ताशयात बिऱ्हाड करून राहिलेला. मी तिला समजावले, तेव्हा तिने विचारले, “मी आजारी नाही, मग माझ्यामुळं पोरी कशा आजारी पडल्या?” मी शास्त्रशुद्ध उत्तर दिले. ते तिला कळले. ते तिला इतके कळेल, असे मला वाटले नव्हते. दोनच दिवसांनी त्या अकरांतली सर्वांत लहान मुलगी गेली. अंगाने किडकिडीत म्हणून तुझी आई तिला दर वेळी सगळ्यांची नजर चुकवून पपईची एक फोड जास्त देत असे.

होय, भिंगरी. ती स्वयंपाकीण म्हणजे तुझी आई.

आता माझी चूक लिहितो, आणि ही पेन्सिलीने दुरुस्त होण्यासारखी नाही. मी अहवाल लिहिला. अकरा पाने, एकही खाडाखोड नाही. वरिष्ठांनी तो इतरांना नमुना म्हणून दाखवला. त्यात वाहकाला क्रमांक देऊन भागले असते. मी पूर्ण नाव लिहिले, पत्ता लिहिला, कारण तक्त्यात रकाना होता आणि रिकामा रकाना मला सहन होत नसे. वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंनी पालकांच्या समाधानासाठी ते पान फाटकावर चिकटवले. आठवड्याने मी पुन्हा तपासणीला गेलो, तेव्हा माझ्या सुवाच्य अक्षरातल्या तिच्या नावाभोवती कोणीतरी कोळशाने वर्तुळ काढले होते. ते पान मी फाडले. सरकारी कागद मी आयुष्यात तेवढा एकच फाडला. तोपर्यंत तिची नोकरी गेली होती आणि घरमालकाने खोली सोडायला सांगितली होती.

मी तिला माझ्या आत्याकडे नेले. आत्याला खरे सांगितले. ती एवढेच म्हणाली, “हात धुवायला येतात ना? मग राहू दे.” तिथे तुझी आई शिवण शिकली. दर सोमवारी नमुना घ्यायला मी जात असे. बाटली कागदात गुंडाळलेली, वर दोऱ्याची नेटकी गाठ आणि चिठीवर तारीख, वेळ, सगळे स्वच्छ अक्षरात. सरकारी प्रयोगशाळेत तशी चिठी मी पाहिली नव्हती. लोकांची मने फुलांनी, गाण्यांनी जुळतात म्हणे. आमची कशाने जुळली, हे चारचौघांत सांगता येण्याजोगे नाही. वर्षाच्या अखेरीस नमुने आठवड्याऐवजी महिन्याने घ्यावेत, असा आदेश आला. तरीही मी पुढच्या सोमवारी गेलो. आत्या म्हणाली, “अरे, आज बाटली नाही.” मी म्हणालो, ठाऊक आहे.

लग्नाला तिने दोन अटी घातल्या. “स्वयंपाक तुम्ही करायचा. आणि हे कुणाला सांगायचं नाही. मूल झालं तर त्यालाही नाही. आपल्या आईच्या हातून एक पोर गेलं, हे कुठल्याच लेकराला कळू नये.” मी शब्द दिला. शिजवलेल्या अन्नाला धोका नाही, साबणाने नीट धुतलेल्या हातांना तर फारच थोडा, हे मी तिला शेकडो वेळा सांगितले. ती ऐके, मान डोलवी आणि उंबऱ्याबाहेरच थांबे. तू जन्मलीस तेव्हा डॉक्टरांनी अंगावर पाजायला हरकत नाही, असे सांगितले. तिने तुला दोन वर्षे पाजले. कारण तेवढे एकच अन्न तिच्या हातांना न लागता तुझ्या पोटात जात होते. दर तीन वर्षांनी मी तुला विषमज्वराची सुई टोचायला नेई आणि सगळ्या शाळेला टोचतात म्हणून थाप मारी. दर उन्हाळ्यात जंतांची म्हणून जी तपासणी होई, ती जंतांची नव्हती. आपल्या घरी पपई कधी आली नाही. मला आवडत नाही, असे मी सांगत असे. मला ती फार आवडते.

औषधे झाली, आधी जुनी, मग नवी. जंतू पित्ताशयातल्या खड्यांत दडून बसलेला, दर वेळी परत येई. शस्त्रक्रियेला ती तयार नव्हती: “केसपेपरवर कारण लिहितील.” तिचे नाव कागदावर पहिल्यांदा मीच लिहिले होते. गेल्या वर्षी खड्यांनीच दुखणे आणले आणि पित्ताशय काढावे लागले. तू फोनवर चौकशी केलीस, मी ‘किरकोळ’ म्हणालो. तो शब्द मी चुकीचा वापरला. शस्त्रक्रियेनंतर औषधाचा पूर्ण क्रम झाला आणि मग दर महिन्याला नमुना, पुन्हा तसाच कागद, तशीच दोऱ्याची गाठ. प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली, “आजोबा, तीन पुरतात.” मी म्हणालो, सहा. सहाही स्वच्छ आले. मी अहवालांची चळत आईपुढे ठेवली. तिने ती वाचली, नीट रचली आणि म्हणाली, “अजून एक.” माझ्याहून काटेकोर माणूस या घरात आहे, हे मला त्या दिवशी कळले.

सातव्या नमुन्याचा अहवाल मंगळवारी आला. जंतू नाही. बुधवारी तुझे पत्र आले, आणि तिने ते वाचून मला शब्दातून मोकळे केले: “लिहा आता. सगळं लिहा. त्या पोरीचंही लिहा. मग यायचं की नाही ते तिचं ती ठरवील.” काल सकाळी तिने आपल्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा माझ्यासाठी भात टाकला. हात इतका वेळ धुतले की पातेले तापून काळे पडले. भात खाली लागला होता, मीठ विसरली होती. मी दोनदा मागून घेतला. मग तिने मला बाजारात पाठवले आणि काय आणायचे ते चिठीवर लिहून दिले, कारण तिला तो शब्द उच्चारवला नाही. मी कच्ची निवडून आणली आहे. कागदात गुंडाळून खिडकीत ठेवली आहे, रविवारपर्यंत बरोबर पिकेल. ती कापणार आहे. तुझ्या वाक्याप्रमाणे तुम्ही मैत्रिणीकडे उतरा, जेवायलाही थांबू नका. माझी तक्रार नाही. फक्त ती बशी घेऊन उंबऱ्यापाशी येईल, तेव्हा तू बोलू नकोस, रडूही नकोस. पहिली फोड तू घे. आणि छोटीने हात पुढे केला, तर तिला अडवू नकोस.

तुझाच,
बाबा

ता. क. हे पत्र कुरिअरने धाडतो आहे. छोटीचे माप फोनवर कळव. तिन्ही फ्रॉकांच्या दुमडी अजून घालायच्या आहेत.