बारा आणि वीस एका घरात नकोत

मी, ऑर्लीन पीव्ही, दिवंगत हॉइट पीव्ही यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार पाइनक्रॉस, दक्षिण जॉर्जिया, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून वा धाकाने नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापूर्वीचं रद्द समजावं. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. त्यांचं काय जातं! मला झडपेची नाही, घरातल्या बंदुकांची काळजी आहे. लावा पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलाय.

कलम एक. राहतं घर, मागची पाइनची झाडं आणि बँकेतली शिल्लक माझी नात टॅन्सी हिला मिळावी. ती आणि तिचा नवरा ब्रँटली आताही माझ्याजवळच राहतात.

कलम दोन. माझी वीस बोअरची दुनळीही टॅन्सीचीच. लग्नाच्या वर्षी हॉइटने घेऊन दिलेली. हलकी आहे, लावे पायाशी भुर्रकन उठले की आपसूक खांद्याला येते. दिवसभर वागवली तरी हात भरून येत नाहीत, खांदा काळानिळा पडत नाही. मारलेला लावा तळण्याजोगा राहतो, त्याची चाळणी होत नाही. नेमबाजीच्या क्लबात हवेत उडवतात त्या मातीच्या तबकड्यांवर मात्र ती कोणाची गय करत नाही. छर्रे थोडे, त्यामुळे नेम मधोमध असला तरच तबकडीचा धूर होतो. माझा धाकटा दीर डेलमर चिडवायचा, "वहिनी, खेळणं आणलंस का? पक्षी हसूनच मरायचे!" क्लबात त्याच्या बारा बोअरपेक्षा माझ्या खेळण्याने जास्त तबकड्या फोडल्या, ही नोंद इथे मुद्दाम करते.

कलम तीन. शेडमधली फुटकी नळी क्लबला द्यावी, आणि तिथे दारातच टांगावी. तिची हकिगत अशी. बोअरचा आकडा मोठा तितकी नळी बारीक. वीसचं काडतूस पिवळं असतं. ते चुकून बाराच्या नळीत टाकलं की आत घसरतं आणि पुढे अडकून बसतं. मागून नळी रिकामी वाटते. होल्यांच्या शिकारीचा पहिला दिवस होता. हॉइटचं जाकीट ओलं, म्हणून त्याने खुंटीवरचं माझं चढवलं आणि खिशात बाराची लाल काडतुसं भरली. तळाशी माझं एक पिवळं होतं, तेच न बघता नळीत गेलं. उडणाऱ्या होल्यावर त्याने चाप ओढला, आवाजच नाही. "भरायलाच विसरलो की काय!" म्हणत हसला आणि मागून बाराचं काडतूस घातलं. नळी त्याच्या डाव्या हातातच फुटली. अंगठा आणि दोन बोटं गेली. देवाची कृपा, जीव वाचला. पुढे त्याच्या शर्टाची बटणं मीच लावायची.

कलम चार. हे नीट वाचावं. हॉइटच्या वडिलांची बारा बोअर अजून घरात आहे. जेवताना ब्रँटलीने विचारलं, "आजी, ती बारा बोअर शेवटी माझ्याकडेच येणार ना?" टॅन्सी म्हणाली, "मग दोन्ही एकाच कपाटात ठेवू!" माझा घास हातातच राहिला. ब्रँटली गुणी आहे, मायाळू आहे. पण त्याच्या ट्रकच्या दारात गळ, खिळे, चाव्या, शेंगांची टरफलं यांची नुसती खिचडी. वर टॅन्सीचं शिकारीचं जाकीट बिनदिक्कत अंगात घालतो.

सबब, ती बारा बोअर डेलमरला द्यावी. होय, त्याच डेलमरला. हॉइटच्या अंत्यविधीत सगळ्यांदेखत तो म्हणाला होता, "वहिनीच्या खेळण्याने माझ्या भावाचा हात खाल्ला." त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नाही. मेल्याने माझं काळीज चिरलं. पण भावाच्या अपघातापासून त्याच्या उंबऱ्याआत पिवळं काडतूस गेलेलं नाही. आल्यागेल्याचे खिसे तो ओसरीवरच उलटे करून घेतो. बंदुकीला त्याच्या घराइतकी निर्धोक जागा मला दुसरी दिसत नाही. ब्रँटलीला टर्कीच्या शिकारीला हवी असेल तर त्याने तिथून न्यावी आणि तिथेच परत ठेवावी. आणि या घरात कधीही बारा बोअर शिरली, तर माझी वीस बोअर क्लबला जाईल.

कलम पाच. शिकारीची पॉइंटर कुत्री जूनी ब्रँटलीला. तिला तो जिवापाड जपतो.

ताजा कलम. डेलमरला आज टॅन्सीकरवी साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. कलम चार वाचून होताच मृत्युपत्रासाठी आलेल्या वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. डेलमर उठला. मला वाटलं, चालला आता रागारागाने. त्याने ओसरीवरच्या टेबलावर, क्लबला द्यायला शेडमधून काढून ठेवलेल्या फुटक्या नळीशेजारी, स्वतःचे खिसे उलटे केले. किल्ली आणि रुमाल. मग ब्रँटलीला म्हणाला, "आता तू."

"काका, माझ्याकडे कुठली आलीय बंदूक?" ब्रँटली हसला. अंगात टॅन्सीचं जाकीट होतं. त्याने खिसा झटकला. टेबलावर पिवळं काडतूस घरंगळलं आणि नळीला टेकून थांबलं.

डेलमरने आपला धड डावा हात ब्रँटलीच्या खांद्यावर ठेवला. ब्रँटली नळीकडे बघत राहिला, मग म्हणाला, "आजी, माझी हरकत नाही. तसं लिहून घ्या." लिहून घेतलं आहे.

जाता जाता डेलमर म्हणाला, "वहिनी, सोमवारी दवाखान्यात मी नेतो." मी हो म्हटलं.

सही: ऑर्लीन पीव्ही

साक्षीदार:
१. मर्टिस टिडवेल, वकील
२. लॅवॉन क्रम्ली, शेजारी (डेलमरच्या जागी, कुंपणापलीकडून हाक मारून बोलावलेले)

ठिकाण: घराची ओसरी, पाइनक्रॉस
दिनांक: १८ ऑक्टोबर २०१९